साठवलेली स्क्रीन पुन्हा उघडायची तर: एक्सडब्ल्यूयूडी

"सर, स्क्रीनवर काहीतरी इंग्रजीत आलंय आणि पुढे काहीच होत नाही." प्रॅक्टिकल चालू असली की असा फोन येतोच. मी तालुक्याच्या कॉलेजातली संगणकाची लॅब सांभाळतो. २२ मशीन आहेत, सगळ्यांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप. मी रोज तिथे नसतो, लॅबमधल्या ताई असतात. ते "काहीतरी" म्हणजे नेमकं काय हे फोनवर विचारत बसलो तर तास संपतो. त्यापेक्षा स्क्रीन जशी आहे तशी उतरवून घ्यावी आणि आपल्यासमोर उघडावी.

उतरवायला एक्सडब्ल्यूडी आणि उघडायला एक्सडब्ल्यूयूडी. दोन्ही एक्स विंडो सिस्टीमसोबतची, म्हणजे लिनक्सवर पडद्यावरच्या विंडो दाखवणाऱ्या 'एक्स' या यंत्रणेसोबतची, जुनी हत्यारं आहेत. मधला 'यू' म्हणजे 'अनडंप', डंप केलेलं (म्हणजे फाइलमध्ये उतरवलेलं) परत चित्र करून दाखवणं. डेबियन-उबुंटूवर दोन्ही 'एक्स-११-अ‍ॅप्स' या एकाच पॅकेजमध्ये मिळतात.

आज्ञा मी ताईंना फोनवर सांगतो तशाच इथे लिहितोय. सगळी अक्षरं लहान इंग्रजी. मोठं असेल तिथे मी 'मोठं' म्हणेन. 'डॅश' म्हणजे वजाचं चिन्ह, आणि डॅशनंतर स्पेस द्यायची नाही. फोनवरून आज्ञा चुकते ती बहुतेक वेळा या स्पेसपायीच.

आधी चित्र घेऊ. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोत, टाइप करा: एक्सडब्ल्यूडी, स्पेस, डॅश आउट, स्पेस, एरर डॉट एक्सडब्ल्यूडी. एंटर दाबलं की माउसच्या बाणाचं अधिक चिन्ह होतं. ज्या विंडोचं चित्र हवं तिच्यावर क्लिक करा. सुरुवातीला एक बीप आणि काम झाल्यावर दोन बीप, अशी त्याची रीत आहे. ती विंडो आधी सगळ्यांच्या वर आणून ठेवा. शीर्षकाची पट्टीही हवी असेल तर 'डॅश फ्रेम' जोडा, आणि पूर्ण पडदा हवा असेल तर 'डॅश रूट', मग क्लिक करावंच लागत नाही.

आता उघडायचं: एक्सडब्ल्यूयूडी, स्पेस, डॅश इन, स्पेस, एरर डॉट एक्सडब्ल्यूडी. एवढंच. 'डॅश इन' विसरून नुसतं फाइलचं नाव दिलंत तर चित्र येत नाही, पर्यायांची यादी छापून प्रोग्रॅम बंद होतो. आणि काहीच न देता एंटर मारलंत तर टर्मिनल गप्प बसून राहतं. ते अडकलेलं नसतं, पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या आज्ञेकडून थेट, चित्र येईल म्हणून वाट बघत असतं. कंट्रोल-सी दाबून बाहेर या.

इथे एक गोष्ट सावकाश सांगतो, कारण आमच्याकडे ती घडली आहे. ताईंनी एकदा 'डॅश रूट'ने घेतलेला पूर्ण पडदा त्याच मशीनवर उघडला. चित्र पडद्याएवढंच मोठं, त्यामुळे खरा डेस्कटॉप कुठला आणि चित्र कुठलं हे ओळखणं अवघड. त्यांनी चित्रातल्याच 'ओके'वर क्लिक केलं आणि सगळं गायब! फाइल गेली असं वाटून त्या घाबरल्या. फाइल जागेवरच होती. एक्सडब्ल्यूयूडीच्या विंडोत माउसचं कुठलंही बटण दाबलं की ती बंद होते, तिचा स्वभावच तसा आहे. म्हणून आमच्या लॅबमध्ये आज्ञेला 'डॅश नोक्लिक' जोडायचंच असा नियम केला. मग क्लिकने काही होत नाही, 'क्यू' दाबलं की चित्र मिटतं.

दुसरा कामाचा पर्याय 'डॅश स्केल'. तो दिला की विंडोचा कोपरा ओढून चित्र लहान-मोठं करता येतं. रुंदी-उंचीचं प्रमाण मात्र आपल्यालाच सांभाळावं लागतं, आणि फार लहान केलं तर एररमधली बारीक अक्षरं तुटतात. मजकूर वाचायचा असेल तेव्हा मी चित्र मूळ मापातच बघतो. रंगांसाठी 'न्यू', 'रॉ' वगैरे पर्याय आहेत, ते २५६ रंगांच्या पडद्यांच्या काळातले. आजच्या २४ बिटच्या पडद्यावर मला त्यांची गरज पडलेली नाही.

'डॅश डंपहेडर' मात्र लक्षात ठेवा. चित्र न उघडता फाइलच्या डोक्यातली माहिती तो छापतो: विंडोचं नाव, रुंदी, उंची, रंगांची खोली. फोल्डरमध्ये एरर-१, एरर-२ अशा दहा फाइली साचल्या की कुठली कशाची हे यावरून कळतं.

फाइली जड असतात, कारण त्यात काहीच दाबून बसवलेलं नसतं. आमचे मॉनिटर १३६६ बाय ७६८चे. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर पूर्ण पडद्याचे जवळजवळ ४२ लाख बाइट होतात. मी त्या जीझिप या आज्ञेने दाबून ठेवतो आणि उघडताना झेडकॅट (दाबलेली फाइल उलगडून पुढे देणारी आज्ञा), फाइलचं नाव, उभी दांडी, एक्सडब्ल्यूयूडी, डॅश नोक्लिक असं लिहितो. उभ्या दांडीतून, म्हणजे पाइपमधून, चित्र थेट आत जातं आणि मधे वेगळी फाइल करावी लागत नाही.

हाच पाइप घरबसल्या सर्वांत उपयोगी पडतो. कॉलेजच्या व्हीपीएनमधून (बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेने) मी एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर आज्ञा चालवायचं साधन, वापरून लिहितो: एसएसएच, डॅश मोठं सी, विद्यार्थी अ‍ॅट पीसी-७, मग दुहेरी अवतरणात 'मोठ्या अक्षरांत डिस्प्ले, बरोबरचं चिन्ह, कोलन, शून्य, स्पेस, एक्सडब्ल्यूडी, डॅश रूट, डॅश सायलेंट', अवतरण बंद, उभी दांडी, एक्सडब्ल्यूयूडी, डॅश स्केल, डॅश नोक्लिक. थोड्या वेळात सात नंबरच्या मशीनचा पडदा माझ्या टेबलावर उघडतो. 'मोठं सी'मुळे डेटा दाबून येतो. एसएसएचने शिरताना मात्र त्या पडद्यावर जो लॉगिन चालू आहे त्याच नावाने शिरा, नाहीतर एक्स परवानगी नाकारतो. नव्या मशीनवर एक्सच्या जागी आलेली वेलँड ही यंत्रणा असेल तर पूर्ण पडदा असा मिळणार नाही. तिथे त्या डेस्कटॉपचाच स्क्रीनशॉट वापरा.

'डॅश सायलेंट' दिलं की बीप वाजत नाही, म्हणजे समोर बसलेल्या मुलीला पत्ताही लागत नाही. म्हणून आधी ताईंना फोन करून "सातवर कोण बसलंय, तिला विचारा, मी बघू का?" असं विचारल्याशिवाय मी ही आज्ञा कधीच चालवत नाही. तिच्या पडद्यावर तिची ईमेल उघडी असू शकते, परीक्षेचा फॉर्म असू शकतो. नको म्हणाली तर फोनवरच एरर वाचून घेतो, वेळ लागला तरी चालेल.

चित्र कुणाला पाठवायचं असेल तर इमेजमॅजिक या प्रोग्रॅमने पीएनजी (सगळीकडे उघडणारा चित्राचा प्रकार) करून पाठवा, कारण मोबाइलवर एक्सडब्ल्यूडीची फाइल उघडण्याची आशा धरू नका. आणि अडचण सुटली की डंप पुसून टाका. मी शनिवारी लॅबमध्ये गेलो की पहिलं तेच काम करतो.