माजी जोडीदाराने मोबाइल खात्यात बदल केलेत? या चुका टाळा

प्लॅन अचानक बदललेला दिसतो. बिल यायचं बंद होतं. 'तुमची ईसिमची विनंती मिळाली आहे' (ईसिम म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारं सिम) असा मेसेज येतो, आणि आपण तर काही मागितलेलंच नसतं. नुकतंच नातं संपलेल्या माणसाला अशा वेळी पहिला संशय येतो तो फोन हॅक झाल्याचा. मग फोन फॉर्मॅट करा, अँटीव्हायरस टाका, नवा हँडसेट घ्या, यात दिवस जातात. बदल मात्र थांबत नाहीत, कारण बहुतेक वेळा ते फोनमध्ये झालेलेच नसतात. ते कंपनीच्या नोंदीत झालेले असतात. त्यासाठी माजी जोडीदाराला हॅकिंग यावं लागत नाही. तुमची जन्मतारीख, ईमेलचा जुना पासवर्ड, पहिल्या शाळेचं नाव हे सगळं त्या व्यक्तीला तोंडपाठ असतं.

म्हणून पहिला प्रश्न 'माझा फोन कोणी बिघडवला' हा नको. 'माझ्या खात्यावर कंपनीच्या लेखी कोणाचा अधिकार आहे' हे आधी विचारा.

खातं कोणाच्या नावावर आहे, हेच न पाहणं

नंबर वर्षानुवर्षं तुमच्याकडे आहे, पैसे तुम्ही भरता, तरी कागदोपत्री ग्राहक माजी जोडीदार असेल, तर कंपनी त्याच व्यक्तीचं ऐकणार. अशा वेळी 'माझ्या परवानगीशिवाय बदल केला' ही तक्रार टिकत नाही. तिथे नंबर स्वतःच्या नावावर करून घेण्याचा अर्ज करायचा असतो. फॅमिली प्लॅनमध्ये मुख्य ग्राहक एकच असतो आणि बाकीच्या नंबरांचे बरेच निर्णय त्याच्या हाती असतात. खातं तुमचंच असलं तरी त्यावर दुसरी अधिकृत व्यक्ती म्हणून कोणाचं नाव कधीकाळी टाकलं होतं का, हेही विचारा. सोयीसाठी टाकलेलं ते नाव नातं तुटल्यावर आपोआप निघत नाही.

या अडचणीची दखल कायद्यानेही घेतली आहे. अमेरिकेत २०२२ साली झालेल्या सेफ कनेक्शन्स ॲक्टनुसार, छळ सोसलेल्या व्यक्तीने रीतसर मागणी केली की तिचा नंबर सामाईक प्लॅनमधून दोन कामकाजी दिवसांत वेगळा करून देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तुमच्याकडे असा नियम नसला, तरी नंबर वेगळा करून द्या ही मागणी लेखी करता येतेच.

पासवर्ड बदलण्यात क्रम चुकणं

मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच. माणूस घाईने मोबाइल कंपनीच्या ॲपचा पासवर्ड बदलतो. पण 'पासवर्ड विसरलात?' ची लिंक जाते ईमेलवर, आणि तो ईमेल समोरच्याच्या जुन्या लॅपटॉपवर उघडाच असतो. पाच मिनिटांत नवा पासवर्डही तिकडे.

सुरुवात ईमेलपासून करा. तीही शक्यतो अशा फोनवरून किंवा संगणकावरून, ज्याला समोरच्या व्यक्तीचा हात कधी लागलेला नाही. आधी रिकव्हरीचा ईमेल आणि नंबर तपासा, कारण तिथे बऱ्याचदा जोडीदाराचाच नंबर असतो. मग पासवर्ड बदला आणि बाकी सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. ईमेलमध्ये आपोआप फॉरवर्ड होण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का, हेही सेटिंगमध्ये बघा. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहू शकतो. हे झालं की मोबाइल खातं, आणि त्यानंतर बँक.

सुरक्षा प्रश्नांना खरी उत्तरं देऊ नका. आईचं माहेरचं आडनाव त्या व्यक्तीला माहीत आहे. उत्तर म्हणून अर्थ नसलेला एखादा शब्द द्या आणि तो लिहून जपून ठेवा. कंपनी खात्याला वेगळा पिन किंवा पोर्टिंगवर, म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्यावर, कुलूप लावून देत असेल, तर तेही लावून घ्या.

नेटवर्क गेलं म्हणून वाट बघत बसणं

फोनवरची रेंज एकाएकी पूर्ण गेली, रीस्टार्ट करूनही येत नाही, आणि शेजारी त्याच कंपनीचा दुसरा फोन व्यवस्थित चालतो आहे, तर तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर किंवा ईसिमवर गेल्याची शक्यता धरा. ईसिमसाठी बऱ्याच ठिकाणी दुकानात जावंही लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की काम होतं. यात प्रत्येक तास महत्त्वाचा असतो, कारण ओटीपी आता तिकडे जातात. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. एसएमएसवरच्या ओटीपीचा हा धोका जाणूनच अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये त्याचा वापर मर्यादित प्रकारात टाकला. जिथे पर्याय असेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप घ्या, म्हणजे एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणारं ॲप.

रेंज आहे, पण कॉल येत नाहीत? मग कॉल फॉरवर्डिंग तपासा. जीएसएम नेटवर्कवर *#२१# डायल केलं की सगळे कॉल वळवले आहेत का ते कळतं. *#६२# ने फोन बंद असताना कॉल कुठे जातात ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ##००२# ने सगळं फॉरवर्डिंग रद्द करा. त्याने व्हॉइसमेलही बंद होऊ शकतो, तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागेल.

कस्टमर केअरशी मोघम बोलणं

'कोणीतरी गडबड केली आहे' एवढंच सांगितलं, तर पासवर्ड बदलून मिळतो आणि विषय संपतो. नेमके प्रश्न विचारा. बदल कोणत्या तारखेला, किती वाजता झाला? ॲपवरून, दुकानातून की फोनवरून? ओळख कशी पटवली? आत्ता खात्यावर कोणता ईमेल, कोणता पत्ता आहे? सिम बदलण्याची किंवा पोर्टिंगची विनंती प्रलंबित आहे का? काही उत्तरं ते गोपनीयतेचं कारण देऊन नाकारतील. तरी 'ही नोंद पुसू नका, तपासासाठी लागेल' असं ईमेलने कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. पुढे पोलिसांत किंवा कोर्टात जायची वेळ आली, तर हाच ईमेल उपयोगी पडतो.

बिलाच्या ईमेलबद्दल मुद्दाम लिहितो. एका ताईंचं बिल यायचं बंद झालं. पैसे खात्यातून आपोआप कापले जात होते, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. बिलाचा ईमेल बदलून माजी नवऱ्याचा टाकला गेला होता आणि त्या बिलात प्रत्येक कॉलचा तपशील होता. वकिलाचा नंबर, नव्या घरमालकाचा नंबर, बहिणीला रात्री केलेले कॉल, सगळं. बिल न येणं ही किरकोळ गोष्ट समजू नका.

रागाच्या भरात जाब विचारणं

राग येणं स्वाभाविक आहे. पण 'मला सगळं कळलंय' असा मेसेज गेला की समोरची व्यक्ती पुरावे पुसते किंवा दुसरी वाट शोधते. आधी कंपनीचे मेसेज, ईमेल, बिलं यांचे तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट सुरक्षित जागी ठेवा.

जिथे मारहाण, धमक्या, पाळत ठेवणं असं काही घडलेलं आहे, तिथे मात्र हा सगळा क्रम बदलतो. तुमच्या खात्यातला प्रवेश अचानक बंद झाला की समोरच्याला ते लगेच कळतं आणि धोका वाढू शकतो. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून सेफ्टी चेक आहे, त्याने लोकेशन आणि इतर शेअरिंग एकदम तोडता येतं. पण ते बटण दाबण्याआधी तुम्ही सुरक्षित जागी आहात का, विश्वासातल्या कोणाला कल्पना दिली आहे का, हे पाहा. कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या समुपदेशकाशी आधी बोललात तर फार बरं.

व्हॉट्सॲप आणि क्लाउड विसरणं

व्हॉट्सॲपमधले लिंक्ड डिव्हाइस बघा, अनोळखी असेल ते काढा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा आणि त्याला नवा, सुरक्षित ईमेल जोडा. क्लाउडवरचं, म्हणजे इंटरनेटवर साठवलेलं, फॅमिली शेअरिंग आणि सामाईक फोटो अल्बमही तपासा.

वैतागून नंबरच सोडून देणं

नवा नंबर घ्यायला हरकत नाही, पण जुना लगेच बंद करू नका. बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते. आधी बँक, ईमेल, सरकारी नोंदी, मुलांची शाळा अशा सगळ्या ठिकाणी नवा नंबर लावा आणि जुन्या नंबरवरचे मेसेज, कॉलची यादी काढून ठेवा. तक्रार चालू असेल, तर ती निकाली निघेपर्यंत जुनं सिम कमीत कमी खर्चाच्या प्लॅनवर चालू ठेवा.