दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा खरा वेळ कसा काढावा

आधी शहर नव्हे, विमानतळ पक्का करा. टोकियोला हानेडा आणि नारिता असे दोन आहेत, लंडनला त्याहून जास्त. तीन अक्षरी कोड धरून चाललात की घोळ होत नाही.

अंतर कुठल्याही ग्रेट सर्कल कॅल्क्युलेटरमध्ये (गोल पृथ्वीवरचं सर्वांत कमी अंतर काढणाऱ्या साइटवर) दोन्ही कोड टाकले की मिळतं. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो हा सर्वांत जवळचा मार्ग त्या नकाशावर उत्तरेकडे चांगलाच वाकलेला दिसतो, कारण पृथ्वी गोल आहे. अंतर भरतं सुमारे ८,२०० किमी. कॅल्क्युलेटरचं उत्तर नॉटिकल मैलांत आलं तर १.८५२ ने गुणा, किलोमीटर मिळतील.

खरी मेख पुढे आहे. ‘अंतराला ९०० ने भागा, झाला वेळ’ हा सल्ला जिथेतिथे मिळतो. देणाऱ्याने ते उत्तर तिकिटाशी कधी ताडून पाहिलेलं नसतं. ताशी ९०० किमी हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. म्हणून मी जाण्याचा आणि येण्याचा वेळ नेहमी वेगवेगळा काढते. मध्य अक्षांशांवरच्या लांब पूर्व-पश्चिम मार्गाला हिवाळ्यात सरासरी ताशी १०० किमीचा वारा धरते: पूर्वेकडे जाताना ताशी १,०००, पश्चिमेकडे ८००. वर पाऊण तास चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतच्या रांगेचा. आता टोकियोकडून येताना जेमतेम ९ तास, टोकियोकडे जाताना ११. उत्तर-दक्षिण मार्गावर हा फरक बराच कमी पडतो. तिथे ९०० चा भागाकार चालून जातो, पाऊण तास मिळवायला विसरू नका.

उत्तर तरीही जुळत नसेल तर विमान सरळ जातंय का ते बघा. हेलसिंकी–टोकियो पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झालं आणि तेच उड्डाण १३ तासांच्या घरात गेलं. विमानतळ तेच, नकाशावरचं अंतरही तेच. अशा वेळी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि उड्डाणाचा प्रत्यक्ष मार्ग ट्रॅकिंगच्या साइटवर पाहा.

शेवटी तिकिटाशी ताळा करा. त्यावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका. दोन्ही आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत आणा. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालं, सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी साडेनऊला पोचलं, म्हणजे निघण्याआधीच पोचलं! टोकियोच्या वेळेतून ९ तास वजा केले की ८:००. सॅन फ्रान्सिस्कोच्या हिवाळी वेळेत ८ मिळवले की १७:३०. प्रवास साडेनऊ तासांचा. उन्हाळ्यात अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे असतात, जपानची नसतात; तेव्हा ८ ऐवजी ७ मिळवा.

मध्ये थांबा असेल तर दोन्ही टप्पे वेगळे काढून थांब्याचा वेळ मिळवा.