घरच्या ताटातच वजन कसं उतरवायचं: तेलाच्या बरणीपासून खुर्चीच्या बैठकांपर्यंत

वजन उतरवायचं ठरलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड भातावर पडते, दुसरी पोळीवर. फोडणीचं तेल, चहासोबतचं फरसाण आणि उपासाची खिचडी मात्र सहीसलामत सुटतात. म्हणून इथे सुरुवात त्यांच्यापासून केली आहे. त्यासाठी ओट्स किंवा किनोआ आणायची गरज नाही. स्वयंपाकाचा एक डिजिटल काटा, पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा, शिवणकामाची टेप आणि उभं राहून वजन घ्यायचा काटा एवढं घरात असलं की पुरे.

त्याआधी एक पथ्य. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेणारे, यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण कमी करू नये. गोळी तेवढीच आणि जेवण निम्मं झालं की साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस कोसळूही शकतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची (हीही साखरेचीच) गोळी चालू असेल तर कडक उपास किंवा पोळी-भात पूर्ण बंद करणं धोक्याचं, कारण रक्तात आम्ल साचू शकतं. रक्तदाबाच्या गोळ्याही वजन उतरल्यावर जास्त होऊ शकतात, उठल्यावर चक्कर येते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी. आणि काहीच न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर खुश न होता तपासणी करून घ्यावी.

किती उतरवायचं

भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. आपल्याकडे चरबी पोटाभोवती लवकर साचते, त्यामुळे पोटाचा घेर जास्त खरं सांगतो: पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत असावा. घेर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, सहज श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढून घेतलेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

पहिलं ध्येय आहे त्या वजनाच्या पाच ते सात टक्के ठेवा, म्हणजे ८० किलोच्या माणसाने चार ते साडेपाच किलो. तेवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते. वेग आठवड्याला साधारण अर्धा किलो. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला साडेतीन हजार होतात, म्हणून अर्धा किलो. याहून फार घाई केली तर चरबीसोबत स्नायूही जातात, दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. देखरेखीशिवाय बायकांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली जाऊ नये.

पहिला आठवडा फक्त मोजायचा

या आठवड्यात काही बदलू नका, फक्त लिहा: चहाचे कप, साखरेचे चमचे, पोळ्यांची संख्या, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलांच्या ताटात उरलेलं. बहुतेक घरांत जेवण बरं असतं. गोंधळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असतो. ५० ग्रॅम शेव किंवा फरसाण, म्हणजे दोन मुठी, २५० कॅलरींच्या वर जातात. दोन चमचे साखर आणि थोडं दूध घातलेला चहा ७०-८० चा. असे पाच कप झाले की एका जेवणाएवढं पोटात गेलेलं असतं आणि भूक तर भागलेली नसते.

तेल

एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, पिठात आणि डाळीत त्याच्या निम्म्याहून कमी. पाच मिलिलिटरचा सपाट चमचा ४० ते ४५ कॅलरींचा. शेंगदाणा, करडई, ऑलिव्ह, साजूक तूप, सगळ्यांचं वजन पोटात सारखंच मोजलं जातं. घाण्याचं तेल याला अपवाद नाही.

महिन्याच्या एक तारखेला घरातलं सगळं तेल-तूप मोजून ठेवा, महिनाअखेरीला किती संपलं ते बघा. चौघांच्या घरात पाच लिटर संपत असेल, तर माणशी दिवसाला ४० मिलिलिटरहून जास्त झालं. ते अडीच लिटरवर आणलं की माणशी दिवसाला १७०-१८० कॅलरी कमी होतात आणि ताटातला एकही पदार्थ जात नाही. हिशोब सोपा: तेल, तूप, लोणी धरून माणशी दिवसाला चार छोटे चमचे.

तेल कमी केल्यावर भाजी बिघडते अशी तक्रार असते, आणि ती खरी असते. कारण भांडं चुकतं. रुंद कढईत दोन चमचे तेल पसरून पातळ होतं, मोहरी नीट तडतडत नाही आणि हिंग मात्र करपतो. फोडणी छोट्या कढल्यात करा आणि वरून ओता. कांदा परतताना तळाला लागला की तेलाऐवजी मीठ आणि चमचाभर पाणी घाला. फळभाज्यांवर ताटलीत पाणी ठेवून वाफ काढा. तेच गरम पाणी लागेल तसं भाजीत घालता येतं. किटलीतून धार सोडण्याची सवय असेल तर किटलीच ओट्यावरून उचला आणि चमचा तेलाच्या बरणीत ठेवा. वांग्याचं भरीत, पिठलं आणि मसालेभात या तिघांवर खास लक्ष असू द्या, ही मंडळी तेल पिऊनही दाखवत नाहीत.

पोह्यांचं उदाहरण घ्या. एका बशीला ५० ग्रॅम कोरडे पोहे (१७५ कॅलरी), मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर तेल (१२०), १५ ग्रॅम शेंगदाणे (८५), बटाटा (२५), वरून खोबरं (३५) आणि शेव (८०). पाचशेच्या वर गेले. आता ४० ग्रॅम पोहे, एक छोटा चमचा तेल, १० ग्रॅम शेंगदाणे, मूठभर मटार आणि भरपूर कांदा घ्या, शेव वगळा, लिंबू पिळा. हे पावणेतीनशेच्या आसपास होतं. सोबत उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मोडाची मटकी घेतली तर जेवणापर्यंत भूक लागत नाही. नुसते पोहे, कितीही कमी तेलाचे, अकरा वाजता पुन्हा डबा उघडायला लावतात.

पोळी, भाकरी, भात

पोळी सोडायची नाही, वजन करायची. तीस ग्रॅम पिठाचा फुलका १०० कॅलरींचा. त्याला आत आणि वरून चमचाभर तेल लागलं की १४५. भाकरीबद्दल मोठा गैरसमज आहे. ज्वारी चांगलीच, पण घरच्या एका भाकरीला सहज ६० ते ७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी बरोबर दोन फुलके. 'भाकरी हलकी' म्हणून तीन खाणाऱ्याचं वजन का हलत नाही, याचं उत्तर परातीत आहे. पहिले काही दिवस गोळा काट्यावर ठेवा, मग हाताला अंदाज येतो. शिजलेला भात १०० ग्रॅमला १३० कॅलरी. एका जेवणात एक मध्यम वाटी पुरे, आणि त्या जेवणात पोळी एक कमी.

ताटाचा अर्धा भाग भाजी, पालेभाजी आणि कोशिंबिरीचा असावा. बटाटा आणि साबुदाणा भाजीत धरू नका. कोशिंबिरीत दाण्याचं कूट दोन छोट्या चमच्यांवर थांबवा.

प्रथिनं: इथेच शाकाहारी ताट कमी पडतं

वजन उतरताना स्नायू टिकवायचे तर आपल्या योग्य वजनाच्या दर किलोला एक ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ६० किलो योग्य वजन असेल तर ६० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते जेमतेम १५-२० ग्रॅम, त्यातून प्रथिनं मिळतात चार-पाच ग्रॅम. 'रोज वरण खातो की' हे पुरेसं नाही.

शाकाहारी दिवस असा जमतो: नाश्त्याला ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी (१२ ग्रॅम प्रथिनं), दुपारी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ (९), दोन फुलके (६), भाजी, वाटीभर दही (५), चार वाजता मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे (६) आणि एक फळ, रात्री एक भाकरी (६), २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची रस्साभाजी (१३), अर्धी वाटी घट्ट वरण (५), कोशिंबीर. तेलाचे चार चमचे आणि कमी साखरेचे दोन चहा धरून हे १,५०० कॅलरींच्या आसपास जातं. सोयाच्या वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळा, नाहीतर वास राहतो. अंडं खाणाऱ्यांना एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतात. मासे उत्तम, पण तव्यावर भाजलेले किंवा कालवणातले. रवा लावून तळलेला बोंबील किती तेल पितो ते कढईत बघा. पनीर १०० ग्रॅमला १८ ग्रॅम प्रथिनं देतं आणि सोबत तीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणून ४०-५० ग्रॅमवर थांबा.

मोडाची कडधान्यं एकदम वाढवली तर पोट फुगतं. एक दिवसाआड सुरू करा, शिजवलेलं पाणी न टाकता हिंग-जिरं घाला, आणि पाणी पिणं वाढवा.

उपास, लग्नं आणि बाकीचे दिवस

साबुदाण्याची एक बशी: ६० ग्रॅम साबुदाणा २१०, ३० ग्रॅम कूट १७०, दोन चमचे तूप ९०, बटाटा ४०. पाचशे कॅलरी, प्रथिनं फक्त कुटातली. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे काही उगाच म्हणत नाहीत. उकडलेलं रताळं, दही, काकडी, राजगिऱ्याची भाकरी आणि ताक यांत उपास पाळला जातो आणि पोटही भरतं.

दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत अनेकांना मानवते, कारण मधलं चरणं आपोआप बंद होतं. ज्यांना दुसऱ्या जेवणात तडाखा मारायची सवय आहे त्यांना ती उपयोगी नाही, आणि इन्सुलिनवाल्यांसाठी वर सांगितलंच आहे.

लग्नात उपाशी पोटी जाऊ नका. घरून ताक-फुटाणे खाऊन निघा, पंगतीत आधी भाजी-कोशिंबीर, मग एकच गोड. साठ मिलिलिटर व्हिस्की १४० कॅलरींची, आणि चकणा त्याच्या दुप्पट.

व्यायाम

चालण्याने वजन झरझर उतरतं ही अपेक्षा आधी सोडा. ७० किलोच्या माणसाचं अर्धा तास भरभर चालणं सुमारे १२० कॅलरींचं, म्हणजे तूप लावलेला एक फुलका. तरी चालणं हवंच: साखर आटोक्यात राहते, झोप सुधारते आणि उतरलेलं वजन टिकायला त्याचीच मदत होते. आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. बसून काम करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवावीत. पहिल्याच दिवशी टेकडी चढणाऱ्यांची टाच किंवा गुडघा दुसऱ्या आठवड्यात बोलायला लागतो.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, आणि हा बायकांनीही टाळायचा नाही. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं १० वेळा. भिंतीला हात लावून जोर १०. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं १२. पाठपिशवीत चार-पाच किलो तांदूळ भरून, पुढे वाकून ती कमरेकडे ओढणं, प्रत्येक हाताने १०. अशा दोन फेऱ्या, मधे मिनिटभर विश्रांती. शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत. १५ सहज जमायला लागले की पिशवीत किलोभर वाढवा. श्वास कोंडून धरू नका, रक्तदाब वर जातो. बसताना गुडघे आत वळत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी कंबरदुखी असेल तर मागे वाकणं कमी ठेवावं. पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी निवडून जात नाही.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, किंवा भोवळ आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

काटा काय सांगतो

सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच फरशीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर आठवड्यातून तीनदा वजन घ्या आणि तिन्हींची सरासरी लिहा. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर त्यात बरंचसं पाणी असतं. पाळीच्या आधी किंवा पापड-लोणच्याच्या जेवणानंतर किलोभर वाढलं तर तेही पाणीच. घेर दर पंधरा दिवसांनी मोजा.

तीन आठवडे सरासरी आणि घेर दोन्ही हलले नाहीत, तर आधी पुन्हा मोजायला बसा. दहापैकी आठ वेळा चमच्याची जागा पुन्हा किटलीने घेतलेली असते. माप चोख असेल तर हलक्या झालेल्या शरीराला आता कमी लागतं: एक फुलका कमी करा किंवा चालणं पंधरा मिनिटांनी वाढवा, दोन्ही एकदम नको.

ठरवलेलं वजन आलं की दर आठवड्याला १०० कॅलरी परत वाढवत जा, वजन जिथे स्थिर होईल तिथे थांबा. आठवड्यातून एकदा काट्यावर उभं राहणं चालू ठेवा. दोन किलो वाढलेले दिसले की पंधरा दिवस चमचा, काटा आणि वही पुन्हा ओट्यावर आणा.