गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढताना कळ कमी कशी करायची

राधानगरी, गारगोटीहून पहाटेची एसटी धरून या तपासणीसाठी कोल्हापुरात येणाऱ्या बायका पुष्कळदा उपाशीच येतात. पूर्ण भूल द्यायची नसेल तर उपाशी राहू नका, रिकाम्या पोटी भोवळ लवकर येते. अर्धी भाकरी खा आणि डॉक्टरांना आधीच विचारून, पाऊण-एक तास अगोदर आयबुप्रोफेन ही दुखणं कमी करणारी गोळी ४०० मिलिग्रॅम घ्या. टेबलावर चढताना घेतलेली गोळी कामाची नाही. अल्सर, किडनीचा आजार, दमा असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगा. दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी तपासणी, मगच पुढचं.

खरी कळ दोन वेळा येते: पिशवीचं तोंड चिमट्यात धरताना आणि नळीने अस्तर ओढून घेताना. चिमटा दरवेळी लागतोच असं नाही; सुमारे ३ मिलिमीटरची लवचिक नळी बऱ्याचदा त्याशिवाय आत जाते. म्हणून ‘चिमट्याशिवाय बघता का?’ असं बिनधास्त विचारा. पिशवीचं तोंड घट्ट असेल तर त्याच्या बाजूला लिग्नोकेनचं, म्हणजे तेवढी जागा बधिर करणारं, इंजेक्शन देतात. त्यानंतर ३ ते ५ मिनिटं थांबायलाच हवं, नाहीतर सुईही टोचते आणि कळही सोसावी लागते. इंजेक्शननंतर कानात गुणगुण किंवा तोंडात धातूची चव आली तर लगेच बोला.

नळी आत असताना श्वास कोंडू नका, तोंडाने लांब सोडा. सहन होत नसेल तर ‘थांबा’ म्हणा. थांबवणं हा तुमचा हक्क आहे.

नंतर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, एकटीने गाडी चालवत जाऊ नका. तासाला एक पॅड भिजत असेल, ताप आला किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी परत दाखवा.