पाड्यावर शेवगा रुजवताना: स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत दर पावसाळ्यात रोपवाटपाचे कार्यक्रम होतात, आणि वाटलेल्या रोपांपैकी फार थोडी पुढचा उन्हाळा पाहतात. 1992 मध्ये वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी हा भाग साऱ्या राज्याला ठाऊक झाला. त्यानंतर अंगणवाड्या वाढल्या, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणाऱ्या अमृत आहारासारख्या योजना आल्या. तरीही घरच्या जेवणात नागलीची भाकरी किंवा भात, उडदाचे पातळ वरण आणि चटणी यांपलीकडे रोज काही असेलच असे सांगता येत नाही. अशा घरात हिरवी भाजी बारमाही यावी, यासाठी परसातले एक झाड पुष्कळ काही करू शकते. मात्र ते झाड जगावे आणि त्याचा पाला भांड्यात पडावा, या दोन्ही गोष्टींची जबाबदारी स्वयंसेवकांनी स्वीकारली पाहिजे.

पहिले झाड म्हणून शेवगाच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या 100 ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने आणि 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणजे तितक्याच दुधाच्या दुपटीहून जास्त. शिवाय लोह, क जीवनसत्त्व आणि शरीरात अ जीवनसत्त्व तयार होण्यास लागणारे कॅरोटीन त्यात भरपूर असते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले आहे. त्या दृष्टीने या पाल्याचे मोल मोठे आहे. हलक्या मुरमाड जमिनीत तो वाढतो आणि एकदा मुळे खोल गेली की पाण्यावाचून तग धरतो.

रोपे घेऊन थेट पाड्यावर जाऊ नये. आधी अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्यासह घरोघर जावे आणि बोलणे स्वयंपाक करणाऱ्या बाईशी करावे, कारण झाडाला पाणी तीच घालणार आहे आणि पालाही तीच खुडणार आहे. तिला विचारावे की शेवग्याची शेंग घरात खातात का, पाला खातात का, आणि खात नसतील तर का नाही. शेवगा दाराशी लावू नये हा समज ग्रामीण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. त्याला हसू नये आणि त्यावर व्याख्यानही देऊ नये. या झाडाचे लाकूड ठिसूळ असते, वादळात फांदी मोडून छपरावर पडते, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे झुबके बसतात, ज्यांच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते. समजाच्या मुळाशी असा अनुभवही असू शकतो. म्हणून झाड घरापासून दहा-पंधरा फूट दूर, मोरीचे पाणी वाहत जाते त्या बाजूला लावावे. अळ्या दिसल्या तर त्या हाताने न काढता लांब काठीला बांधलेल्या पेटत्या चिंधीने, छपरापासून दूर राहून आणि मुलांना बाजूला ठेवून जाळाव्यात. हे लागवडीच्या वेळीच सांगून ठेवले नाही, तर पहिल्या अळीबरोबर झाडावर कुऱ्हाड पडते.

लागवड बियांनीही होते, परंतु पाड्यावर फांदी लावणे अधिक खात्रीचे, कारण तिला लवकर पाला येतो आणि शेंग कशी लागते हे मूळ झाडावर आधीच पाहता येते. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, चांगल्या शेंगा देणाऱ्या झाडाची मनगटाएवढी जाड आणि तीन ते चार फूट लांबीची फांदी तिरका काप देऊन तोडावी आणि काप सुकावा म्हणून ती दोन-तीन दिवस सावलीत ठेवावी. दीड-दोन फूट खोल खड्ड्यात माती, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा भरून फांदीचा तिसरा हिस्सा जमिनीत जाईल अशी ती उभी करावी, भोवतालची माती पायाने घट्ट दाबावी आणि वरच्या उघड्या टोकाला शेणाचा लेप द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत मुरून फांदी सडत नाही. जव्हारच्या पावसात बुंध्याशी पाणी साचणे हाच मोठा धोका असल्याने मातीचा उंचवटा करणे विसरू नये. नवी फूट तीन फुटांच्या आसपास गेली की शेंडा खुडावा. त्यामुळे बाजूला फांद्या फुटतात आणि पाला हाताच्या उंचीवर राहतो.

खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. भातकापणी उरकली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण भागातील वीटभट्ट्यांवर जातात, घरे बंद होतात आणि शेते रिकामी झाल्याने शेळ्या मोकळ्या सुटतात. म्हणून जाण्यापूर्वी प्रत्येक झाडाभोवती बोरी-करवंदीच्या काटेरी फांद्यांचे छातीइतके उंच कुंपण उभे राहिले पाहिजे, बुंध्याशी गवताचे जाड आच्छादन घातले पाहिजे, आणि मागे राहणाऱ्या आजी-आजोबांपैकी किंवा शेजाऱ्यांपैकी कोणी आठवड्यातून एकदा हंडाभर पाणी घालील, हे सर्वांसमक्ष ठरले पाहिजे. स्वयंसेवकांची फेरी जूनपेक्षा फेब्रुवारीत अधिक गरजेची आहे.

पाला शिजवून दाखवल्याशिवाय तो खाल्ला जात नाही. अंगणवाडीत चूल मांडून बायकांनीच भाजी करावी: कोवळा पाला काड्यांवरून ओरबाडून घ्यावा, धुऊन बारीक चिरावा, तेलात लसूण आणि सुकी मिरची परतून त्यात तो पाच-सात मिनिटेच शिजवावा. उडदाच्या वरणात, नागलीच्या पिठात किंवा सुकटीबरोबरही तो छान लागतो. थोडे तेल हवेच, कारण त्याशिवाय कॅरोटीन नीट अंगी लागत नाही. लिंबू पिळल्याने लोह चांगले शोषले जाते, तर जेवणाला लागूनच चहा घेतल्याने ते कमी शोषले जाते. मूळ आणि साल मात्र कोणालाही, विशेषतः गरोदर बाईला, खाऊ घालू नये.

स्थलांतर करणाऱ्या घरांसाठी पाल्याची भुकटी फार उपयोगाची आहे. पाऊस सरल्यावर धुतलेला पाला घरात, सावलीत, पातळ कापडाखाली चुरचुरीत होईपर्यंत वाळवावा. उन्हात वाळवला तर रंगाबरोबर कॅरोटीनही उडते. कुटून चाळलेली भुकटी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून भट्टीवर नेता येते, आणि मुलाच्या वरण-भातात चहाचा एक चमचा भुकटी भांडे चुलीवरून उतरवल्यावर मिसळता येते.

एक मर्यादा स्वयंसेवकांनी पक्की लक्षात ठेवावी. तीव्र कुपोषित मुलाचा उपचार शेवग्याने होत नाही. दंडघेर कमी भरणारे, पायांवर सूज असलेले किंवा खाणे सोडलेले मूल दिसताच त्याला अंगणवाडी सेविकेमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावे.

शेवगा धरला की दुसऱ्या वर्षी पपई, पेरू, लिंबू, कढीपत्ता यांतून घराने स्वतः निवड करावी. रोपापासून लावलेल्या पपईत नर झाडेही निघतात, म्हणून एका जागी दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर विरळणी करावी.

वर्षाअखेरीस नोंद करताना वाटलेल्या रोपांचा आकडा बाजूला ठेवून, गेल्या आठवड्यात किती घरांत पाला शिजला एवढेच विचारावे. शेंगांचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि त्याच सुमारास माणसे भट्टीवरून परततात. तेव्हा झाड तीन-चार फुटांवर छाटावे, म्हणजे पावसात कोवळा पाला भरभरून फुटतो. छाटलेल्या जाड फांद्या सरपणात जाण्याआधी शेजारच्या ज्या घरांनी खड्डे खणून ठेवले असतील, त्यांना त्या देऊन टाकाव्यात.