सर्टिफिकेट रिन्यू झालं, पण सर्व्हरला कुणी सांगितलं?

सर्व्हरच्या डिस्कवरचं सर्टिफिकेट (साइटची ओळख ब्राउझरला पटवणारी फाइल) नवंकोरं होतं, संपायला अजून ६० दिवस होते. तरीही ब्राउझर साइट उघडणाऱ्या प्रत्येकाला धोक्याची सूचना दाखवत होता, कारण त्याच्या मते साइटचं सर्टिफिकेट आदल्या रात्रीच संपलं होतं.

मला नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते आणि सर्टिफिकेटचं ऑटोमेशन मीच बसवलं होतं. सर्टबॉट म्हणजे सर्टिफिकेट आपोआप मागवणारा आणि बदलणारा प्रोग्राम, त्याचा लॉग उघडला. ३० दिवसांपूर्वी सर्टिफिकेट रिन्यू झालेलं. फाइलमधली तारीख पाहिली, ती बरोबर. पुन्हा पाहिली, तरी बरोबरच. शेवटी टीममधल्या एका सीनियर ताईंनी स्क्रीनकडे बघत विचारलं, “एन्जिनएक्स शेवटचा रीलोड कधी केला होतास?”

एन्जिनएक्स म्हणजे साइट चालवणारा वेब सर्व्हर. तो सुरू होताना सर्टिफिकेटची फाइल वाचतो आणि तेच मेमरीत धरून ठेवतो. मागाहून फाइल बदलली तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणजे महिनाभर नवं सर्टिफिकेट डिस्कवर पडून होतं आणि सर्व्हर येणाऱ्याजाणाऱ्याला जुनंच देत होता. जुन्याची मुदत संपेपर्यंत कुणाचं काही अडलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. फाइली पुन्हा वाचायला लावणारी रीलोडची एक कमांड दिली आणि साइट परत आली. तेव्हापासून मी ‘रिन्यू झालं’ हे लॉग बघून म्हणत नाही. बाहेरून जोडणी केल्यावर सर्व्हर जे सर्टिफिकेट पुढे करतो, त्याची तारीख बघून म्हणते. या कामात नव्याने येणाऱ्यांना मला मुख्यतः हेच सांगायचंय, पण तिथे पोचायच्या आधी वाटेत बरंच काही आहे.

डोमेन तुमच्याच ताब्यात आहे हे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला पटवावं लागतं. लेट्स एन्क्रिप्ट ही अशीच एक संस्था, तिच्यासोबतचा हा संवाद एक्मी नावाच्या प्रोटोकॉलने होतो. २०१९ मध्ये तो आरएफसी ८५५५ या मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. सोपा मार्ग एचटीटीपी चॅलेंजचा: सर्व्हरवर ठरलेल्या जागी एक फाइल ठेवायची, ते ८० नंबरच्या पोर्टवरून येऊन ती वाचतात. तुमचा एकच सर्व्हर असेल आणि तो इंटरनेटवर उघडा असेल, तर हाच मार्ग घ्या, डीएनएसच्या (डोमेनचे पत्ते आणि नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) भानगडीत पडू नका. डीएनएस चॅलेंज लागतो तो वाइल्डकार्ड सर्टिफिकेटसाठी (डोमेनखालच्या उपनावांना मिळून चालणारं एकच सर्टिफिकेट; लेट्स एन्क्रिप्ट ती २०१८ पासून देतं आणि फक्त याच मार्गाने देतं), बाहेरून पोचताच येत नाही अशा आतल्या सर्व्हरसाठी आणि विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे पाच-सहा मशीन असतील तेव्हा. तपासणीची विनंती त्यांतल्या नेमक्या कुठल्या मशीनवर जाऊन पडेल, याचा भरवसा नसतो. ‘फायरवॉलमध्ये लेट्स एन्क्रिप्टचे तेवढे आयपी उघडून देऊ’ ही युक्तीही चालत नाही. ते तपासणी जगातल्या अनेक ठिकाणांहून करतात आणि आयपींची यादी जाहीर करत नाहीत.

डीएनएस चॅलेंजमध्ये काय घडतं हे समजायला एकदा तरी हाताने करून बघा. सर्टबॉट मॅन्युअल मोडमध्ये चालवला की तो ४३ अक्षरांची एक ओळ देतो. त्यांनी दिलेलं टोकन आणि तुमच्या खात्याच्या किल्लीचा ठसा जोडून काढलेला तो हॅश (ठरावीक लांबीची गणिती खूण) असतो. डोमेनच्या आधी ‘_एक्मी-चॅलेंज’ (इंग्रजीत _acme-challenge) हे नाव लावून (सुरुवातीचा अंडरस्कोर विसरायचा नाही) त्या नावाचा टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधली साध्या मजकुराची नोंद) करायचा आणि त्यात ही ओळ टाकायची. मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये डिग (डीएनएसला विचारणारी कमांड) चालवून ती दिसते का बघायचं, आणि दिसल्यावरच एंटर दाबायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वीस मिनिटं काहीच दिसेना. दोन चुका एकावर एक झाल्या होत्या. नाव लिहिताना मी पूर्ण डोमेन लिहिलं होतं आणि डीएनएसच्या पॅनेलने शेवटी स्वतःचं डोमेन पुन्हा जोडलं, त्यामुळे रेकॉर्ड भलत्याच नावाने तयार झाला. तो दुरुस्त केल्यावरही दिसेना, कारण रेकॉर्ड नसताना मी तीनचार वेळा विचारलं होतं आणि ‘असं काही नाही’ हे उत्तरही रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसला विचारणारा सर्व्हर) काही काळ लक्षात ठेवतो. तेव्हापासून मी डिगला थेट डोमेनच्या मूळ नोंदी ठेवणाऱ्या अधिकृत नेमसर्व्हरलाच विचारायला लावते.

आणखी एका ठिकाणी नवे लोक हमखास अडखळतात. वाइल्डकार्डमध्ये मूळ डोमेन येत नाही, म्हणून सहसा दोन्ही एकत्र मागतात. त्या दोघांची तपासणी एकाच नावाच्या टीएक्सटी रेकॉर्डवर होते आणि तिथे दोन वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी असाव्या लागतात. दुसरी टाकताना पहिली पुसली, तर चॅलेंज पडलाच.

सराव कायम लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंगवर, म्हणजे सरावासाठीच्या सेवेवर करा. खऱ्या सेवेवर एका नावाची तपासणी तासात पाचदा फसली की वाट बघत बसावं लागतं, आणि नावांच्या त्याच संचाची सर्टिफिकेटं आठवड्यात पाचच मिळतात.

हाताने जमलं की मॅन्युअल मोड सोडून द्या. तशा पद्धतीने घेतलेलं सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होत नाही, प्रत्येक वेळी नवी ओळ येते आणि ती टाकायला माणूस लागतो. इथे क्लाउड कामी येतो. राउट ५३, क्लाउडफ्लेअर, गूगल क्लाउड डीएनएस या सगळ्या डीएनएस सेवांना एपीआय (प्रोग्रामकडून काम करून घ्यायची सोय) आहे आणि सर्टबॉटकडे त्यांचे प्लगइन आहेत. एपीआयने रेकॉर्ड टाकायचा, तो सगळ्या नेमसर्व्हरवर पोचू द्यायचा, तपासणी झाली की काढून टाकायचा. राउट ५३ मध्ये बदलाची अवस्था विचारता येते, ‘पेंडिंग’चं ‘इनसिंक’ झालं की पुढे जायचं. जिथे अशी सोय वापरलेली नसते तिथे प्लगइन ठरावीक सेकंद थांबतो. क्लाउडफ्लेअरच्या प्लगइनमध्ये मुळात १० सेकंद असतात. चॅलेंज कधी पास, कधी नापास होत असेल, तर आधी हा आकडा वाढवून बघा.

आता परवानग्यांबद्दल, आणि इथे मला घाई करायची नाही. डीएनएस बदलता येणारी किल्ली सर्व्हरवर ठेवणं ही साधी गोष्ट नाही. ज्याच्या हाती ती पडेल तो तुमची मेल स्वतःकडे वळवू शकतो, साइट दुसरीकडे नेऊ शकतो, तुमच्या नावाने सर्टिफिकेटही काढू शकतो. तरी मी कितीतरी ठिकाणी खात्याची सर्वाधिकार असलेली किल्ली एका टेक्स्ट फाइलमध्ये पडलेली पाहिली आहे, कारण ‘आधी चालू तर होऊ दे’. क्लाउडमधल्या मशीनला रोल (फाइलमधल्या किल्लीशिवाय मिळणारी परवानगी) जोडता येत असेल तर किल्ली फाइलमध्ये ठेवूच नका. ठेवावीच लागली तर फाइल फक्त रूटला (मुख्य प्रशासक खात्याला) वाचता येईल असं करा. परवानगी एकाच झोनपुरती, म्हणजे एका डोमेनच्या नोंदींपुरती द्या. राउट ५३ मध्ये तर त्याहून बारीक अट घालता येते: फक्त टीएक्सटी रेकॉर्ड आणि फक्त ‘_एक्मी-चॅलेंज’ हेच नाव.

जिथे इतकी बारीक अट घालायची सोय नाही, तिथे मला सीनेमची (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदीची) वाट सगळ्यात आवडते. मुख्य डोमेनमध्ये ‘_एक्मी-चॅलेंज’ या नावाचा सीनेम एकदाच करून ठेवायचा आणि तो याच कामासाठी काढलेल्या वेगळ्या झोनकडे वळवायचा. तपासणी करणारे त्या सीनेमच्या मागोमाग तिकडे जातात. सर्व्हरकडे किल्ली फक्त त्या वेगळ्या झोनची. ती चोरीला गेली तर चोर तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट काढू शकेल, पण मेलला आणि साइटच्या पत्त्याला त्याचा हात लागणार नाही.

राहता राहिला तो रीलोड. सर्टबॉटला डिप्लॉय हुक देता येतो, म्हणजे सर्टिफिकेट खरोखर नवं आलं तरच चालणारी कमांड. माझ्या प्रकरणात हुक लिहिलेला होता, पण त्यात सर्व्हिसचं नाव चुकलं होतं. ड्राय-रन (रिन्यूची नुसती रंगीत तालीम) मात्र दरवेळी हिरवा दिसायचा, कारण ड्राय-रनमध्ये डिप्लॉय हुक मुळात चालतच नाही. ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. सर्टबॉटच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ड्राय-रनसोबत हुकही चालवायचा पर्याय आहे, तो वापरा. नाहीतर हुकची स्क्रिप्ट एकदा हाताने चालवून बघा.

आणि पहारा बाहेरून ठेवा. माझ्याकडे दुसऱ्याच मशीनवर एक छोटी स्क्रिप्ट रोज चालते. ओपनएसएसएल या टूलने प्रत्येक नावाला जोडणी करते, मिळालेल्या सर्टिफिकेटची शेवटची तारीख वाचते आणि २० दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर मेसेज पाठवते. ९० दिवसांचं सर्टिफिकेट सर्टबॉट ३० दिवस उरल्यावर बदलतो, म्हणून २० चा आकडा दिसला की काहीतरी अडलंय हे नक्की, आणि हातात अडीच आठवडे तरी असतात. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदतीची आठवण मेलने करायचं, जून २०२५ मध्ये त्यांनी ते बंद केलं. हा पहारा आता आपल्यालाच ठेवायचा आहे.

मुदतीही आखडत चालल्या आहेत. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए-ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. वर्षातून एकदा कॅलेंडर बघून हाताने सर्टिफिकेट बदलणाऱ्या टीमनाही आता हे काम शिकावं लागणार आहे, आणि ते बहुधा तिथल्या सगळ्यात नव्या माणसाकडे येईल. तुमच्याकडे आलं तर पहिल्या दिवशी रिन्यूची स्क्रिप्ट लिहायला बसू नका. आधी बाहेरून तारीख वाचणारी ती छोटी स्क्रिप्ट लिहा आणि कंपनीची सगळी नावं तिच्यातून काढा. मी नंतर तशी काढली तेव्हा कुणाच्याच यादीत नसलेली दोन सर्टिफिकेटं सापडली. त्यातल्या एकाचे नऊ दिवस उरले होते.