शिबिराला मुलं येतात, टिकत का नाहीत? मराठवाड्यातल्या आयोजकांनो, या चुका टाळा

एप्रिल लागला की परभणी, लातूर, बीड, नांदेड, कुठंही जा, चौकातल्या फ्लेक्सवर मजकूर एकच. सात दिवसांत आत्मविश्वास, शिस्त, वक्तृत्व, देशप्रेम आणि मोबाइलपासून सुटका. खाली दहा-पंधरा चेहरे. पहिल्या दिवशी मैदान भरतं, चौथ्या दिवशी अर्धं रिकामं होतं आणि समारोपाला पुन्हा गर्दी होते, कारण त्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायची असतात. मग आयोजक चहा पीत म्हणतात, आपल्याकडच्या पालकांना लेकरांच्या घडण्याचं काही पडलेलंच नाही.

हे मला अजिबात पटत नाही. ऊसतोडीला गेल्यावर साखर कारखान्याच्या तळावरून रात्री फोन करून "आज शाळंत गेलास का?" विचारणारी आई आणि पोराच्या ट्यूशनसाठी लातुरात खोली करून राहणारी आजी, यांना पडलेलं नाही असं कोण म्हणेल? पालक पत्रक वाचतात, मैदानावर काय चाललंय ते येता-जाता बघतात, दोन्हींचा मेळ बसला नाही की न भांडता लेकराला घरी ठेवतात. शिबिर असो, सेवादलाची शाखा असो, स्काउट पथक असो की गावातलं खो-खोचं मंडळ, बहुतेक अडचणी या मेळ न बसण्यातून निघतात.

## गुणांची जाहिरात करणं

"तुमचं मूल प्रामाणिक, धाडसी, संस्कारी होईल" हे वचन पाळता येत नाही आणि तपासताही येत नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांना फसवण्याची संधी मुद्दाम देऊन पाहिली. परीक्षेत नक्कल करता येईल, खेळात आपले गुण वाढवून लिहिता येतील, मोजायला दिलेली नाणी खिशात घालता येतील, अशी व्यवस्था होती. वर्गात सचोटीनं वागलेलं मूल खेळात लबाडी करताना सापडलं आणि उलटही घडलं. मूल एकदाचं प्रामाणिक "झालं" असं फारसं दिसलं नाही. प्रसंग बदलला की वागणं बदलत होतं. शिवाय चारित्र्याचे धडे देणाऱ्या उपक्रमांत जाणारी मुलं इतरांपेक्षा ठळकपणे प्रामाणिक निघाली नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचं काम आहे, त्यावर वादही पुष्कळ झाले. तरी नुसत्या उपदेशावर शिबिर उभं करणाऱ्यानं ते डोळ्यांसमोर ठेवावं.

म्हणून पत्रकावर गुण लिहू नका, कामं लिहा. "रोज सकाळी साडेसहा ते नऊ. मुलं आपली ताटली आपण धुतील. प्रत्येक गट नाश्त्याच्या खर्चाचा हिशेब लिहील. दुसऱ्या दिवसापासून लहान मुलांना खेळ शिकवायची जबाबदारी मोठ्यांवर राहील. शेवटच्या दिवशी हिशेब मुलंच पालकांना वाचून दाखवतील." हे वाचून आईला कळतं की लेकरू नेमकं काय करणार आहे. संध्याकाळी ती विचारू शकते, "ताटली धुतलीस का रे?" आणि खरं-खोटं तिथंच कळतं. अशी जाहिरात फ्लेक्सवर फार शोभत नाही हे मान्य, पण ती उघडी पडत नाही.

या पद्धतीचा त्रास एकच: लिहिलं ते करावं लागतं. हिशेब मुलांकडे द्यायचा म्हणजे पैसेही त्यांच्याकडे द्यायचे. वीस रुपये कमी आले तर ओरडायचं नाही, बसून शोधायचं. त्या वीस रुपयांच्या शोधात जे घडतं ते तासाभराच्या व्याख्यानात घडत नाही. आयोजकांना नेमकं तिथंच धीर धरवत नाही. "आण इकडं, मीच करतो" म्हणत वही ओढून घेतली की धडा संपला.

## सात दिवस उचलले, वर्ष विसरलो

शिबिरानंतरची ठरलेली तक्रार: "सर, आठ दिस लवकर उठलं, आता पुन्हा तसंच करायलंय." यात नवल काही नाही.

महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तिचं दत्तक गावातलं सात दिवसांचं शिबिर सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच योजनेत स्वयंसेवकानं वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास नियमित काम करायचं असतं. आपण नक्कल केली ती सात दिवसांची. ते तास सोयीनं गाळले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचं नाव 17 सप्टेंबरच्या भाषणांत हमखास निघतं, कारण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिक्षक होते. पण शाळा वर्षभर भरत होती, आठवडाभर नव्हे, हे भाषणात कोणी सांगत नाही.

वर्षभर रोज चालवणं कोणालाच झेपत नाही. आठवड्यातून दोन तास झेपतात. रविवारी सकाळी, ठरलेल्या जागी, तोच माणूस. मोठं शिबिर घ्यायचंच तर या रविवारच्या मुलांसाठी घ्या, नवीन गर्दी गोळा करण्यासाठी नको.

गट छोटा ठेवा, सात-आठ मुलांचा, आणि त्याचा म्होरक्या मूलच असू द्या. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं स्काउट शिबिर घेतलं तेव्हा असेच छोटे गट पाडून म्होरके मुलांमधूनच नेमले होते. त्यात बड्या घरची आणि कामगारांची मुलं एकत्र होती. आपल्याकडे मात्र गट पाडताना गल्लीतली मुलं गल्लीत, तांड्यावरची तांड्यात आणि उर्दू शाळेची एका कोपऱ्यात, असं आपोआप होतं. आपोआप होतं म्हणूनच ते पहिल्या दिवशी मोडावं लागतं. पाणी कोण वाढतो आणि भांडी कोण घासतो याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रार्थना अशी निवडा की एकाही लेकराला ओठ मिटून उभं राहावं लागू नये. आणि पत्रक फक्त मारुतीच्या पारावर लावून "सगळ्यांना बोलावलं होतं" म्हणू नका. पत्रक भीमनगरात, मशिदीजवळच्या मोहल्ल्यात आणि तांड्यावर स्वतः जाऊन द्यायचं असतं.

## घरचं पंचांग न बघता तारीख ठरवणं

मे महिना शाळेला सुट्टीचा, म्हणून शिबिर मेमध्ये. पण घरात मे म्हणजे लग्नसराई. वसमत-हिंगोलीकडे हळद शिजवण्या-वाळवण्याचं काम त्यातच लांबलेलं असतं. पुढे मृग तोंडावर आला की घरात पेरणीशिवाय दुसरा विषय नसतो. लग्नाची दाट तीथ असलेला आठवडा आधीच टाळला तर निम्मी गळती वाचते. लग्नाला गेलेलं मूल तिसऱ्या दिवशी परत आलं तर त्याला "तुझं नाव कापलंय" म्हणू नका.

ऊन हा वेगळा विषय. पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असताना अकरापर्यंत कवायत घेणं याला मी शिस्त म्हणणार नाही. नऊला सोडा. पाण्याची सोय आधी, तारीख नंतर: टँकरवर जगणाऱ्या गावात साठ लेकरांना पाणी कुठून येणार हे सरपंचांशी बोलून ठरवा.

बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूला अजून एक गोष्ट. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलनंतर परततात. दिवाळीच्या सुट्टीनंतर उपक्रम सुरू करून "या वस्तीतली मुलं येतच नाहीत" म्हणणं म्हणजे रिकाम्या घराच्या दारावर थाप मारणं. मागं राहिलेली मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. तिथं परवानगी देणारी आजी असते आणि निर्णय घेणारे आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडात. छापील पत्रक दोघांच्याही कामाचं नाही. आजीला ओट्यावर बसून सांगा. आई-बापाला व्हॉट्सॲपवर मिनिटभराचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवा, कोण बोलतोय, कुठं, किती वाजता आणि लेकराला घरी कोण सोडणार हे त्यात येऊ द्या. दिवसभर कोयता चालवून आलेला माणूस पीडीएफ उघडत नाही.

## मुलींच्या घरच्यांना "काळजी करू नका" म्हणणं

सहावी-सातवीपर्यंत मुली येतात, मग एकदम दिसेनाशा होतात. आयोजक हे समाजाच्या मानसिकतेवर ढकलून मोकळे होतात. जरा विचारून बघा. आईचे प्रश्न फार साधे असतात. बाई कोण आहेत? त्या रोज असतात का उद्घाटनापुरत्या? संडासला दार आणि कडी आहे का? पाणी? संध्याकाळी उशीर झाला तर कोण सोडतं?

"आमच्यावर विश्वास ठेवा" हे याचं उत्तर होत नाही. कोणताही मोठा माणूस कोणत्याही एका मुला-मुलीबरोबर बंद खोलीत किंवा गाडीवर एकटा राहणार नाही, असा नियम करा आणि तो पालकांसमोर वाचा. स्वयंसेवक म्हणून नवा माणूस घेताना तो आधी जिथं काम करत होता तिथं फोन करून विचारा. ओळखीतला आहे, भाऊचा मेहुणा आहे, एवढं पुरत नाही. मुलांकडून 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना, म्हणजे मुलग्यांनाही लागू आहे, आणि गुन्हा घडल्याचं कळूनही तो न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवणारे लोक वर्षभर मुलांना धैर्याच्या गोष्टी सांगत असतात, याचा मला मनस्वी राग येतो.

## "दोन ठेवून द्या, पण सुधरवा"

हे बाप स्वतः येऊन सांगतो आणि आयोजकाला ते कौतुक वाटतं. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. शिबिर शाळेबाहेर असलं म्हणून लेकराचा गाल बदलत नाही. बापाला नीट सांगा, "हात लावणार नाही. उशिरा आला तर गटाचं उरलेलं काम करून जाईल." काही बाप नाराज होतात. होऊ द्यात.

## पाहुण्यांची वाट बघत बसवलेली मुलं

उद्घाटन आठला, साहेब येणार साडेदहाला. तोवर पोरं सतरंजीवर बसून टाळ्यांची तालीम करतात. मग साहेब वक्तशीरपणावर बोलतात! चारित्र्याचा धडा मुलं त्या दिवशी शिकतातच, फक्त आपल्याला हवा तो नाही. पाहुणा बोलवायचाच असेल तर गावातली आशाताई, एसटीचा वाहक, पंक्चर काढणारा बोलवा. त्यानं वीस मिनिटं आपलं काम दाखवावं, मुलांनी प्रश्न विचारावेत. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे आले की घराघरात एकच विचारणा होते: "निवडणूक जवळ आलीय काय?"

"संपूर्ण मोफत" हा शब्दही असाच शंका वाढवतो. फुकट दिल्यावर खर्च कोण करतंय आणि का, हे पालकांना कळायला हवं. परवडेल इतकी फी घ्या आणि ज्याला जमत नाही त्याला गुपचूप सूट द्या, यादीत खूण न करता. देणगीदाराच्या हस्ते वही घेताना लेकराचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर बंदच करा. फोटो हवाच असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि खाली नाव, शाळा, गाव लिहू नका.

बक्षिसांचंही तसंच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 सालच्या प्रयोगात चित्र काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्र काढत बसली. रोज पदक, रोज स्टार देऊन कचरा उचलायला लावलेलं पोर पदकं संपली की उचलायचं थांबतं.

## गुणपत्रिकेशी शर्यत

लातूर-नांदेडकडे आठवी-नववीपासून फाउंडेशनचे, म्हणजे नीट-जेईईच्या पूर्वतयारीचे वर्ग सुरू होतात. तिथं "एकाग्रता वाढेल, मार्क वाढतील" अशी जाहिरात करायचा मोह होतो. करू नका. मार्क वाढले नाहीत तर पालक पहिल्या चाचणीनंतर मूल काढून घेणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यापेक्षा सरळ सांगावं की याचा मार्कांशी संबंध नाही, रविवारचे दोनच तास मागतोय, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी देऊ. जे येतील ते टिकतील.

## मधेच संख्या घटली तर

चौथ्या दिवशी हजेरी घसरली की लोक ग्रुपवर "सर्व पालकांना विनंती" टाकतात. त्याचा काही उपयोग होत नाही. त्याच संध्याकाळी गैरहजर मुलांच्या दोन-चार घरी जा. बापापेक्षा आईशी बोला. "का पाठवलं नाही?" असं विचारलं तर "तब्येत बरी नव्हती" एवढंच ऐकायला मिळेल. "घरी येऊन काय सांगत होतं?" असं विचारा. मग निघतं: मोठी पोरं चिडवतात, चप्पल तुटलीय, म्होरक्या कामच देत नाही, खिचडीत रोज खडे. यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त होतं.

आणि हजेरीवहीत सुरुवातीलाच आईचा मोबाइल नंबर वेगळ्या रकान्यात घ्या. बापाचा नंबर बहुतेक वेळा शेतात "नॉट रीचेबल" असतो.